बकरीच्या गळ्यावरचा एक छेद : इश्बिलियाचे हकीम इब्न झुहर

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपल्यातल्या कितीतरी घरांनी आयसीयूच्या दाराबाहेर रात्री काढल्या. त्या दिवसांत एक अवघड शब्द घराघरांत पोचला, ट्रॅकिऑस्टॉमी. रुग्ण बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिला की डॉक्टर बाहेर येऊन सांगायचे, तोंडातली नळी आता काढावी लागेल, गळ्याला पुढून लहानसं भोक पाडून त्यातून श्वास द्यावा लागेल, इथे सही करा. सही करणाऱ्याचा हात थरथरायचा. गळा कापल्यावर माणूस जगतो का? ते भोक नंतर भरून येतं का?

सुमारे ९०० वर्षांपूर्वी हाच प्रश्न अंदलूसमधल्या एका तरुण तबीबाला पडला होता. त्याच्यापुढे मोठमोठ्या हकिमांची पुस्तकं होती आणि त्यांची मतं एकमेकांशी जुळत नव्हती. मग त्याने एक बकरी घेतली. या तबीबाचं नाव अबू मरवान अब्दुल मलिक इब्न झुहर. युरोप त्यांना अव्हेन्झोअर म्हणतो. शस्त्रक्रियेत आधी प्रयोग आणि मग रुग्ण, हा आज जगभर पाळला जाणारा क्रम त्यांच्या या छोट्याशा कामात स्पष्ट दिसतो. आम्हाला त्यांची हकिकत सांगावीशी वाटते ती त्यासाठीच.

इल्म वारशात मिळालेलं घर

इब्न झुहर यांचा जन्म इश्बिलियाचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या सेव्हिल शहरातला. साल अकराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं. खानदान मूळचं अरबस्तानातल्या इयाद कबिल्याचं, अंदलूसच्या पूर्वेकडच्या शातिबा गावात येऊन स्थिरावलेलं. आधी या घरात फिकहचे जाणकार झाले. आजोबांनी कैरवान आणि काहिरा इथे राहून वैद्यकी शिकली आणि तिथून घराला तबीबांचं वळण लागलं. आजोबा, वडील, स्वतः अबू मरवान, त्यांचा मुलगा अबू बक्र आणि नातू, अशी ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालली.

वडील अबुल अला हे आपल्या काळातले नावाजलेले हकीम. त्यांच्याबद्दलचा एक किस्सा तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न अबी उसैबिया यांनी नोंदवून ठेवला आहे. इराककडून आलेल्या एका व्यापाऱ्याने इब्न सीनांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथाची सुंदर प्रत अबुल अलांना भेट दिली. सगळी दुनिया ज्या ग्रंथाला डोक्यावर घेत होती, तो त्यांनी चाळला आणि त्यांना तो पटला नाही. त्यांनी तो आपल्या किताबखान्यात तर ठेवला नाहीच, उलट पानांच्या कोऱ्या कडा कापून त्यांच्यावर रुग्णांना औषधं लिहून द्यायला सुरुवात केली.

यात गुरूर होता, हे आम्ही नाकारत नाही. इब्न सीनांच्या ग्रंथाची अशी चिंधी करणं आम्हाला तरी रुचत नाही. पण ज्या घरात अबू मरवान वाढले, तिथे पुस्तक कितीही मोठ्या माणसाचं असलं तरी त्यावर सवाल करता येत होता, हे यातून कळतं. मुलाने बापाकडून ही सवय उचलली, पण कात्री न चालवता. त्यांनी पुस्तकं जपली आणि त्यातल्या गोष्टी तपासल्या.

अडचण कुठे होती

गळ्याला आतून सूज आली, घसा पूर्ण बंद झाला, की माणूस काही वेळात गुदमरून मरतो. अशा वेळी बाहेरून श्वासनलिका कापून वाट मोकळी करता येईल, ही कल्पना जुनीच आहे. यूनानी आणि रोमी काळातल्या काही वैद्यांनी ती मांडली होती. इब्न सीनांच्या ‘कानून’मध्येही तिचा उल्लेख आहे. पण विरोधी मतही तितकंच जुनं आणि वजनदार होतं. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी बनलेली असते. कानाची पाळी वर चाचपली की जे लवचिक हाड लागतं, ती कूर्चा. ही एकदा कापली गेली की पुन्हा जुळत नाही, असं बुकरात म्हणजे हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत मानलं जायचं. ती जुळत नसेल, तर गळ्याचं भोक कायमचं राहणार आणि रुग्ण आज गुदमरून नाही तर उद्या जखमेने जाणार.

अंदलूसचेच थोर जर्राह अबुल कासिम अझ-झहरावी, ज्यांचं निधन १०१३ च्या सुमारास झालं, त्यांनी या वादात एक महत्त्वाची नोंद करून ठेवली होती. एका दासीने सुरीने स्वतःचा गळा कापून घेतला. त्यांना बोलावलं गेलं, तेव्हा जखमेतून हवा बाहेर येत होती. त्यांनी टाके घातले आणि ती मुलगी बरी झाली. म्हणजे नलिका कापल्यावरही माणूस जगू शकतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मात्र आपल्या मुलखात कुणी ही शस्त्रक्रिया मुद्दाम केलेली आपण पाहिली नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

एक अपघात आणि बरीचशी मतं, एवढं भांडवल इब्न झुहरांच्या हाती होतं. खरा रुग्ण तडफडत समोर आला असता तर काय करायचं? पुस्तकावर विश्वास ठेवून सुरी चालवायची की विरोधी मतावर विश्वास ठेवून त्याला मरू द्यायचं?

बकरी

आपल्या ‘अत-तैसीर’ या ग्रंथात त्यांनी काय केलं ते सांगितलं आहे. शिकण्याच्या काळात ही उलटसुलट मतं वाचल्यावर त्यांनी एका बकरीच्या गळ्याची कातडी कापली, खालचा पडदा कापला आणि मग श्वासनलिकेचा एक तुकडाच काढून टाकला. किती? तुर्मुसच्या दाण्यापेक्षा थोडा लहान. तुर्मुस हे तिकडचं चपटं कडधान्य, आपल्या वालाच्या दाण्यासारखं. त्यानंतर ते ती जखम मध मिसळलेल्या पाण्याने धूत राहिले. जखम भरत गेली, पूर्ण बरी झाली आणि बकरी त्यानंतर बराच काळ जगली.

एवढंच. जेमतेम काही ओळींचा मजकूर आहे.

आपल्या वाचकांना बकरीच्या गळ्याची रचना वेगळी सांगायला नको. जबीहा करताना नरडं, अन्ननलिका आणि बाजूच्या रक्ताच्या नसा कापल्या जातात, हे बकरी ईदला घरातलं मोठं माणूस मुलांना समजावतं. इब्न झुहरांना नेमकं उलट साधायचं होतं. सुरी तीच, गळा तोच, पण बाजूच्या नसांना धक्का न लावता फक्त पुढून नलिका उघडायची आणि जनावर जगवायचं. ते काम किती नाजूक असेल, याचा अंदाज ज्यांनी हातात सुरी धरली आहे त्यांना लगेच येईल.

आता या प्रयोगातल्या बारीक गोष्टी बघा. त्यांनी नुसता चिरा दिला नाही, तुकडा काढला, म्हणजे कडा आपोआप चिकटण्याची सोपी वाट बंद केली. भोकाचं माप लिहून ठेवलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसंच करून पाहता येईल. जखमेची निगा कशाने घेतली ते लिहिलं. बकरी लगेच मेली नाही यावर समाधान न मानता ती पुढे जगली का, याकडेही लक्ष ठेवलं. आजच्या संशोधकाला याहून वेगळं काय विचारतात? आमच्या शाळांतल्या प्रयोगवह्यांत निरीक्षण आणि निष्कर्ष बहुतेक वेळा मार्गदर्शकातून उतरवले जातात, परीक्षानळीला हातही न लावता, आणि आम्ही शिक्षक त्यावर सही करतो. ही बकरीची नोंद वाचताना त्या सह्या आठवून आम्हाला ओशाळल्यासारखं झालं.

मधाचंही थोडं सांगायला हवं. मध म्हटलं की आपल्याला सूरह नह्ल आठवते. आजचं शास्त्र मधाचा गुण असा समजावतं : त्यात साखर भरपूर आणि पाणी कमी, तो थोडा आंबट, म्हणून जंतूंना त्यात वाढता येत नाही. शिवाय मध पातळ केला की त्यातलं एक विकर हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, तेच जे दवाखान्यात जखमेवर टाकल्यावर फेसाळतं. इब्न झुहरांना हे रसायन माहीत असण्याचं कारण नाही, त्यांना परिणाम माहीत होता. आज रुग्णालयांत वापरतात तो मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो, तेव्हा कुणी डब्यातला मध घरच्या जखमेवर लावायला जाऊ नये.

आणि बकरीच्या वेदनेचं काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्या काळी आजच्यासारखी भूल नव्हती. मुक्या जनावराला विनाकारण छळणं गुनाह आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इब्न झुहरांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्यांच्यापुढे प्रश्न खरा होता, माणसाच्या जिवाचा होता आणि कापून झाल्यावर त्यांनी त्या जनावराला टाकून दिलं नाही, बरं होईपर्यंत त्याची सेवा केली. आज आपल्या देशात १९६० च्या कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांसाठी समितीची परवानगी लागते, भूल द्यावी लागते, वेदना कमीत कमी ठेवाव्या लागतात. हा वाद मिटलेला नाही आणि तो मिटू नये, असंच आम्हाला वाटतं.

मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत इब्न झुहरांच्या नावावर बरंच काही चढवलं जातं. माणसावर पहिली ट्रॅकिऑस्टॉमी त्यांनी केली, ते मुडद्यांची चिरफाड करायचे, वगैरे. त्यांनी स्वतः बकरीबद्दल लिहिलं आहे, माणसावर ही शस्त्रक्रिया केल्याचा दावा केलेला नाही. उलट सुरी, डाग देणं, रक्त काढणं ही हाताची कामं तबीबाने प्रशिक्षित मदतनिसांकडे सोपवावीत, असं त्यांचं मत होतं. म्हणजे ज्यांना प्रयोगशील शस्त्रक्रियेचे जनक म्हटलं जातं, ते स्वतः धंद्याने जर्राह नव्हते. यात त्यांचं मोठेपण कमी होत नाही. जे त्यांनी केलं ते पुरेसं आहे, फुगवायची गरज काय?

त्या छेदापासून केईएमपर्यंत

इब्न झुहरांनंतर हा मार्ग काही सरळ पुढे गेला नाही. युरोपात माणसावर यशस्वी झालेल्या ट्रॅकिऑटॉमीची पहिली पक्की नोंद १५४६ ची, इटलीतल्या ब्रासाव्होला यांची. फ्रान्समध्ये १८२५ साली ब्रेतोनो यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या एका मुलीला या शस्त्रक्रियेने वाचवलं आणि मग तिच्याकडे डॉक्टर गंभीरपणे पाहू लागले. आपल्या आजी-पणजींना घटसर्प म्हणजे काय ते ठाऊक होतं. लस येण्याआधी तो घरातली मुलं उचलून न्यायचा.

पण आधी जनावरावर, मग माणसावर, ही पद्धत विसाव्या शतकात शस्त्रक्रियेचा कणाच झाली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४४ रोजी सव्वा वर्षाच्या, ओठ-नखं निळी पडलेल्या एका मुलीच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी दुसरीकडे जोडण्यात आली. शस्त्रक्रिया केली डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी, पण ती कुत्र्यांवर असंख्य वेळा करून बसवली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने. त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. त्या दिवशी ते स्टुलावर उभे राहून ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागून टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. आणि मुंबईत परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, त्याच्यामागेही कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांची वर्षं होती. तो रुग्ण काही तासच जगला. प्रयोगाने धोका कमी होतो, संपत नाही.

महाल, तुरुंग आणि द्राक्षाचा वेल

आता परत इब्न झुहरांकडे येऊ. त्यांची जिंदगी काही फक्त किताबांत गेली नाही. सुरुवातीला ते मुराबित घराण्याच्या सेवेत होते. ११२१ साली शहजादा इब्राहिम बिन यूसुफ यांच्यासाठी त्यांनी ‘अल-इक्तिसाद’ हा ग्रंथ लिहिला. पुढे सुलतान अली बिन यूसुफ यांची मर्जी फिरली आणि इब्न झुहरांना मराकेशच्या तुरुंगात अनेक वर्षं काढावी लागली. त्याची कडवट आठवण ‘अत-तैसीर’मध्ये डोकावते. त्या सुलतानाचा उल्लेख ते चांगल्या शब्दांत करत नाहीत, आणि आम्हाला त्यात नवल वाटत नाही.

११४७ मध्ये मुवह्हिदांनी मराकेश जिंकलं, राजवट बदलली आणि खलिफा अब्दुल मोमिन यांनी इब्न झुहरांना जवळ केलं. त्यांच्यासाठी त्यांनी खाद्यपदार्थांच्या गुणदोषांवर ‘किताब अल-अगझिया’ लिहिलं. या खलिफाला जुलाबाचं औषध घ्यायचा भारी कंटाळा. इब्न अबी उसैबिया सांगतात, की इब्न झुहरांनी बागेतल्या एका द्राक्षवेलीला जुलाबाची औषधं भिजवलेलं पाणी घालायला सुरुवात केली. घड तयार झाल्यावर तो खलिफासमोर ठेवला. खलिफाने दहा द्राक्षं खाल्ली, तेव्हा इब्न झुहरांनी आता पुरे, असं सांगून हात थांबवला, कारण जितकी द्राक्षं तितके जुलाब. आणि तसंच झालं म्हणतात. किस्सा शंभर टक्के खरा असेल की त्याला तिखटमीठ लागलं असेल, वाचकांनी ठरवावं. पण लोकांना त्यांच्याबद्दल असाच किस्सा सांगावासा वाटला, यात त्यांचा स्वभाव दिसतो.

दुसरा किस्सा आम्हाला जास्त आवडतो. महालाकडे जाण्याच्या रस्त्यावर एक रुग्ण पडलेला असायचा, पोट फुगलेलं, चेहरा पिवळा. एकदा इब्न झुहरांनी थांबून त्याच्याकडे नीट पाहिलं. उशाशी एक जुना मातीचा सुरई होता, त्यातलंच पाणी तो पीत असे. इब्न झुहरांनी तो फोडायला लावला. आतून एक मोठा बेडूक निघाला. दवा नाही, सुरी नाही. रोग कुठून येतोय ते आधी बघायचं.

‘अत-तैसीर’ हे त्यांचं मुख्य काम. त्यांचे दोस्त इब्न रुश्द, जे फलसफ्यामुळे जगाला जास्त माहीत आहेत, त्यांनी ‘अल-कुल्लियात’मध्ये वैद्यकाची सर्वसाधारण तत्त्वं मांडली. अवयवांनुसार एकेका रोगाचं आणि इलाजाचं तपशीलवार वर्णन हवं असेल तर ‘अत-तैसीर’ वाचा, असं त्यांनीच आपल्या वाचकांना सुचवलं. हृदयाभोवतीच्या पडद्याला येणारी सूज, अन्ननलिकेची गाठ, गिळता न येणाऱ्या रुग्णाला नळीने अन्न देणं, अशा कितीतरी गोष्टी त्यात आहेत. कुर्तुबाचे यहुदी तबीब मूसा बिन मैमून त्यांचं नाव मोठ्या आदराने घेतात. ग्रंथाचं हिब्रूत आणि मग १२८० मध्ये व्हेनिसला लॅटिनमध्ये भाषांतर झालं आणि छपाई आल्यावर १४९० साली व्हेनिसमध्येच तो छापला गेला.

अंजीर आणि अखेरचा आजार

इश्बिलियात अल-फार नावाचे एक हकीम होते. इब्न झुहरांना अंजीर अतिशय प्रिय, अल-फार अंजिराला हात लावत नसत. अंजीर खात राहिलात तर अंगात गळू होऊन मराल, असं अल-फार यांनी बजावायचं आणि न खाल्ल्याने तुम्ही आकडी येऊन जाल, असं इब्न झुहरांनी उलट सुनवायचं. ही नोकझोक वर्षानुवर्षं चालली. इब्न अबी उसैबिया लिहितात, की अल-फार खरोखर आकडीने गेले. आणि इब्न झुहरांच्या कुशीत गळू झालं.

त्या आजारात ते स्वतःवर मलम आणि दवा लावत राहिले, फरक पडेना. मुलगा अबू बक्र बापाच्या पलंगाशी बसून सुचवायचा, हे औषध बदलून ते लावून पाहू, यात अमुक मिसळू. त्यावर त्यांनी मुलाला समजावलं, की अल्लाहने ही काया बदलायचं ठरवलं असेल, तर त्याची मर्जी असेल तीच दवा माझ्या हातून घडेल. प्रयोगात हयात घालवलेल्या माणसाने प्रयोगाची हद्द अशी कबूल केली. औषध मात्र त्यांनी सोडलं नव्हतं, हे लक्षात घ्यावं. हिजरी ५५७, म्हणजे ११६२ च्या सुमारास, त्यांचं इश्बिलियातच निधन झालं.

अबू बक्र पुढे तबीब म्हणून आणि शायर म्हणूनही गाजला. त्याच्या गीतांमुळे अरबी साहित्यात त्याचं नाव आजही निघतं. पण इब्न झुहरांना एक मुलगीही होती आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ती वैद्यकी जाणत होती, स्त्रियांच्या आजारांत आणि बाळंतपणात तिचा हात कसलेला होता. खलिफा अल-मन्सूर यांच्या जनानखान्यात बाळंतपण असलं की तिला आणि तिच्या मुलीलाच बोलावलं जायचं, तिसरं कुणी चालत नसे. तिच्या इंतकालानंतर ते काम तिच्या मुलीने, म्हणजे इब्न झुहरांच्या नातीने, पुढे चालवलं.